बडा घर, पोकळ वासा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात, पेढ्यांवर नव्या चोपड्यांना गंधाक्षता वाहिल्या जातात आणि पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' ही अक्षरे उमटतात. अशा मंगल प्रसंगी दिवाळ्याची गोष्ट सांगायला बसणे पुष्कळांना रुचणार नाही. पण दिवाळी आणि दिवाळे हे शब्द आपल्या भाषेनेच एकमेकांना इतके खेटून बसवले आहेत की, एकाच्या घरी गेले म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर क्षणभर टेकावेच लागते. शिवाय ही गोष्ट मला आठवली ती शेअरबाजारामुळे नव्हे, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. खजिनदारांनी हिशेब वाचला. खजिनदार म्हणजे अत्यंत सज्जन माणूस; मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, मृदुभाषी, कपाळावर कधी आठी नाही. हिशेब वाचून होताच "मंजूर, मंजूर" असे आवाज उठले. कारण बटाटेवडे येऊन पडले होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुरुस्ती निधीचे पैसे बँकेत आहेत म्हणता, तर पासबुक जरा दाखवाल का?" सभेत अशी काही शांतता पसरली की, जणू काकूंनी भर पंगतीत कुणाचा अपमान केला. अध्यक्ष म्हणाले, "अहो काकू, त्यांच्यावर अविश्वास?" कुणी हसले, कुणी घड्याळाकडे पाहिले. काकू ओशाळून खाली बसल्या. मीही त्या सभेत होतो आणि मीही वड्यांकडेच पाहत होतो.

त्या रात्री मला जेरार्ड ली बेव्हनची आठवण झाली.

हे नाव आज आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसेल. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये मात्र ते प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकत होते. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतरही लंडनच्या बाजारात भामटे पुष्कळ होऊन गेले. पण ते बहुधा कुठून तरी वर आलेले, कुळशीलाचा पत्ता नसलेले असत. त्यांचे बिंग फुटले की, जुनी घराणी "आम्हांला वाटलेच होते" असे म्हणून मोकळी होत. बेव्हनच्या बाबतीत असे म्हणण्याची सोय नव्हती, कारण तो त्यांच्यातलाच होता.

बेव्हन घराणे हे इंग्लंडमधले जुने पेढीवाले घराणे. बार्कले बँकेचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण १८९६ साली वीस खासगी पेढ्या एकत्र येऊन ती बँक उभी राहिली तेव्हा तिच्या मुळाशी जी पेढी होती तिच्या नावात 'बार्कले' या शब्दाच्या पाठोपाठ 'बेव्हन' हा शब्द होता, हे फारसे कुणाला माहीत नसते. या नव्या बँकेचे पहिले अध्यक्ष फ्रान्सिस ऑगस्टस बेव्हन. जेरार्ड हा त्यांचा मुलगा. जन्म १८६९ सालचा. शिक्षण ईटनच्या शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, म्हणजे जिथे मुलाला घालणे हेच त्या समाजात त्याच्या भवितव्याचे हमीपत्र समजले जाई तिथे. लग्न झाले ते बर्मिंगहॅमच्या केनरिक घराण्यातल्या मुलीशी. हे कारखानदार घराणे. जोसेफ चेंबरलेन या बड्या मुत्सद्द्याच्या पहिल्या दोन्ही बायका याच घराण्यातल्या. थोडक्यात, पैसा माहेरचा, प्रतिष्ठा सासरची आणि दोन्हींकडे खानदानाची मोहोर, असा योग बेव्हनच्या पत्रिकेत जुळून आला होता.

बँकेत न जाता तो शेअरदलाल झाला. एलिस आणि कंपनी ही अठराव्या शतकापासून चालत आलेली दलालांची पेढी. तीत तो शिरला आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच तिचा प्रमुख भागीदार होऊन बसला.

त्या काळच्या लंडनच्या दलालाचा धंदा कसा चाले हे इथे थोडे सांगायला हवे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे. तिथल्या बाजारात माणसांच्या दोन जाती होत्या. एक 'जॉबर', तो बाजाराच्या मजल्यावर उभा राहून स्वतःच्या पैशाने शेअर घेई आणि विकी, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नसे. दुसरा 'ब्रोकर', म्हणजे दलाल. तो गिऱ्हाइकाच्या वतीने जॉबरकडे जाई आणि आपली दलाली घेई. ही पद्धत १९८६ सालापर्यंत टिकली. दलालाला आपल्या धंद्याची जाहिरात करण्यास बाजाराच्या नियमांनी बंदी होती. मग गिऱ्हाईक यायचे कुठून? ते यायचे क्लबातून, शिकारीच्या मेळाव्यातून, शाळासोबत्यांच्या मेजवान्यांतून. लिखापढीपेक्षा शब्दाला मान. या बाजाराला १९२३ साली जे मानचिन्ह मिळाले त्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य कोरलेले आहे. त्याचा अर्थ, 'माझा शब्द हाच माझा करार'. म्हणजे दलालाचे भांडवल त्याच्या तिजोरीत थोडेच आणि त्याच्या आडनावात फार, असा तो मामला. आणि आडनावाच्या बाबतीत बेव्हनइतका श्रीमंत दलाल त्या बाजारात शोधूनही सापडला नसता.

माणूस देखणा, बुद्धिमान आणि उद्दाम. चिनी मातीच्या प्राचीन भांड्यांचा दर्दी संग्राहक. लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत घर आणि विल्टशायर परगण्यातला लिटलकोट नावाचा जुना, प्रशस्त वाडा भाड्याने घेतलेला. घरी पत्नी असताना बाहेरही त्याचे मन गुंतलेले होते. पॅरिसच्या एका नर्तकीवर तो पैसा उधळी. कविताही करी. असा माणूस पाहिला म्हणजे लोकांना वाटते, याला काय कमी आहे? आणि ज्याला काही कमी नाही तो लबाडी कशाला करील? मध्यमवर्गाचा हा फार जुना आणि फार भोळा सिद्धान्त आहे. लबाडीचा उगम गरजेत असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गरजवंत माणूस फार तर पाकीट मारतो; लाखांची अफरातफर करायला आधी लाखांपर्यंत हात पोहोचावा लागतो.

तो हात बेव्हनला सापडला एका विमा कंपनीत.

सिटी इक्विटेबल फायर इन्शुरन्स कंपनी १९०८ साली निघाली. तिचा मुख्य धंदा पुनर्विम्याचा, म्हणजे विम्याच्या विम्याचा. एखाद्या विमा कंपनीला एखादी जोखीम आपल्या एकटीच्या खांद्याला जड वाटली की, ती तिचा काही भाग दुसऱ्या कंपनीकडे सोपवते आणि हप्त्यातला वाटाही तिला देते, हा पुनर्विमा. या धंद्यात जर्मन कंपन्यांचा मोठा दबदबा होता. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन कंपन्यांना इंग्लंडचे दार बंद झाले. एका रात्रीत बाजार मोकळा झाला. सिटी इक्विटेबलकडे हप्त्यांचा ओघ सुरू झाला. क्लॅरेन्स हॅट्री नावाच्या एका चलाख तरुण उद्योगपतीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कंपनी आधी स्वस्तात घेऊन ठेवली होती. त्यांच्याकडून ती चांगल्या चढ्या किमतीला बेव्हनच्या हाती आली. १९१६ साली बेव्हन तिचा अध्यक्ष झाला.

आता ही मांडणी कशी झाली पाहा. विमा कंपनीकडे हप्त्यांचा पैसा येतो आज आणि नुकसानभरपाई द्यायची असते उद्या, परवा किंवा कित्येक वर्षांनी. मधल्या काळात तो पैसा गुंतवायचा असतो. कुणामार्फत? शेअरदलालामार्फत. दलाल कोण? एलिस आणि कंपनी. एलिसचा प्रमुख भागीदार कोण? बेव्हन. गुंतवणूक करा असे सांगणारा कंपनीचा अध्यक्ष कोण? तोही बेव्हनच. म्हणजे एका खुर्चीत बसून त्याने हुकूम लिहावा आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन तो वाचावा, असा प्रकार. दोन खुर्च्यांच्या मध्ये एक टेबल असते आणि त्या टेबलापाशी कुणीतरी तिसऱ्याने बसायचे असते, ही साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. किंवा सुचली, पण बोलून दाखवणे सभ्यपणाचे वाटले नाही.

युद्ध संपल्यावर १९१९ साली लंडनच्या बाजाराला भरते आले. रोज नवी कंपनी निघे, रोज शेअर वर चढत. बेव्हनने स्वतःच्या पेढीला आणि विमा कंपनीलाही मोठमोठ्या व्यवहारांत उतरवले. १९२० च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचा दर सात टक्क्यांवर नेला आणि वर चढणारे भाव उतरणीला लागले. चढत्या बाजारात सगळेच हुशार असतात. उतरत्या बाजारात कुणी काय उसने घेतले होते ते उघडे पडते. एलिस आणि कंपनीला रोकड लागली. ती बाहेरून मागावी तर अब्रू जाते. मग विमा कंपनीची तिजोरी होतीच. गुंतवणुकीसाठी म्हणून दलालाकडे दिलेले पैसे दलालाकडेच राहू लागले.

पण कंपनीला वर्षातून एकदा ताळेबंद छापावा लागतो. त्यात 'आपल्या अध्यक्षाच्याच पेढीकडून येणे' म्हणून लाखो पौंडांचा आकडा छापला असता तर भागधारक डोळे चोळत उठले असते. त्यावर बेव्हनने जो तोडगा काढला तो इतका साधा आहे की, समजायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

आपल्याकडे पूर्वी मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारणीच्या पाटल्या मागून आणण्याची चाल होती. पाहुणे जिना चढण्यापूर्वी पाटल्या हातात, पाहुणे जिना उतरले की पाटल्या परत. बेव्हनने नेमके हेच केले. कंपनीचे हिशेबाचे वर्ष फेब्रुवारीअखेर संपत असे. शेवटच्या दोनचार दिवसांत एलिस आणि कंपनी विमा कंपनीच्या नावाने सरकारी हुंड्या, म्हणजे ट्रेझरी बिले, खरेदी केल्याचे दाखवी. तेवढ्या रकमेने एलिसकडचे येणे कागदावर कमी होई आणि ताळेबंदात ब्रिटिश सरकारचे भक्कम रोखे झळकत. मार्च उजाडला की, पहिल्या काही दिवसांतच त्या हुंड्या विकल्या जात आणि रक्कम पुन्हा एलिसच्या खात्यात. कंपनीने त्या हुंड्या हातात कधी घेतल्याच नाहीत. हे एकदा नव्हे, वर्षामागून वर्ष चालले. याशिवाय एलिसकडे असलेल्या रकमांपैकी काही 'मागताक्षणी परत मिळणारी कर्जे' या सदराखाली आणि काही 'बँकेत व हाती शिल्लक' या सदराखालीही दडवल्या होत्या. दलालाच्या खिशातले पैसे 'हाती शिल्लक' खरेच होते. हात कुणाचा एवढेच सांगितलेले नव्हते.

इथे वाचक विचारतील की, कंपनीत दुसरे कुणीच नव्हते काय? होते तर! संचालक मंडळ होते आणि ते चांगले भारदस्त होते. त्यात उमराव घराण्यातली माणसे होती, लष्करात ब्रिगेडियर जनरल म्हणून नाव कमावलेला आणि राजवाड्याच्या सेवेत असलेला अधिकारी होता. ही माणसे चोर नव्हती. बेव्हनच्या लुटीतला एक पौंडही त्यांच्या घरी गेल्याचे निघाले नाही. ती सभांना येत, कागद पाहत, सह्या करत. 'कर्जे' या शब्दापुढचा आकडा केवढा आहे हे त्यांना दिसत होते. ही कर्जे नेमकी कुणाला दिली आहेत, हे त्यांनी विचारले नाही. कंपनी बुडाली तेव्हा एलिसकडे सुमारे ३,५०,००० पौंड आणि कंपनीच्याच सरव्यवस्थापकाकडे, मॅन्सेलकडे, सुमारे १,१०,००० पौंड येणे निघाले! विचारायला एका वाक्याची गरज होती. पण बार्कले बँकेच्या पहिल्या अध्यक्षांच्या मुलाला, ईटनमध्ये शिकलेल्या माणसाला, ते एक वाक्य विचारायचे कसे?

हिशेबतपासनीसही होते. रोखे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. ते दलालाकडे सुरक्षित आहेत, असे उत्तर मिळाले. मग दलालाचा दाखला त्यांनी मागितला आणि एलिस आणि कंपनीने तो सही करून दिला. चोरीचा माल आपल्याकडे सुखरूप आहे, असा दाखला प्रत्यक्ष चोरानेच द्यावा आणि फौजदाराने तो फायलीला लावावा, त्यातलाच हा नमुना. रोखे डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट मात्र धरला गेला नाही. दाखल्यावरचे नाव इतके चांगले होते!

शेवटी १९२२ च्या सुरुवातीला सोंग वठेनासे झाले. फेब्रुवारीत विमा कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर एलिसचेही दिवाळे वाजले. 'वाजले' हा आपला शब्द लंडनच्या बाजाराला अक्षरशः लागू पडे. एखाद्या पेढीला देणी भागवता येत नाहीत असे कळले की, बाजाराचा शिपाई व्यासपीठावर चढून लाकडी हातोडा ठोके, दलालांचा गलबला एकदम थांबे आणि त्या शांततेत पेढीचे नाव पुकारले जाई. दीडशे वर्षांच्या आसपास चाललेली पेढी हातोड्याच्या त्या ठोक्यांनी संपली.

बेव्हन ते ऐकायला थांबला नाही. फेब्रुवारी महिन्यातच तो विमानाने पॅरिसला निसटला. माणसांची ने-आण करणारी विमाने लंडनहून पॅरिसला जाऊ लागून तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती. गुन्हेगार विमानाने पळतो ही कल्पनाच नवी, त्यामुळे वर्तमानपत्रांना पर्वणी. पुढे चार महिने युरोपात त्याचा माग काढला जात होता. जूनमध्ये तो व्हिएन्नात सापडला. वेष पालटलेला, नाव लिओं व्हर्निए, धंदा चित्रकार, राष्ट्रीयत्व फ्रेंच. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या आडनावावर कर्ज काढले, त्याला शेवटी तेच आडनाव टाकून पळावे लागले. त्याचे वडील १९१९ सालीच वारले होते, म्हणून हा दिवस त्यांना पाहावा लागला नाही.

त्याला इंग्लंडला आणून खटला भरला तो ओल्ड बेलीत, न्यायमूर्ती एव्हरींपुढे. एव्हरी हे शिक्षा देताना ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे अशा न्यायाधीशांपैकी. १९२२ च्या डिसेंबरात बेव्हनला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. योगायोग असा की, ही कंपनी जिच्या हातून बेव्हनकडे आली ती असामी, क्लॅरेन्स हॅट्री, १९३० च्या जानेवारीत बनावट रोख्यांच्या प्रकरणात याच न्यायमूर्तींपुढे उभी राहिली आणि चौदा वर्षांची शिक्षा घेऊन गेली.

साधारणपणे अशा गोष्टी इथे संपतात. खलनायक तुरुंगात गेला, वाचकाने नि:श्वास टाकला आणि पान उलटले. पण या प्रकरणाचा खरा भाग, निदान तुमच्या-आमच्या उपयोगाचा भाग, इथून पुढे आहे.

कंपनीचा तोटा निघाला सुमारे बारा लाख पौंड. त्या काळच्या भावाने पावणेदोन कोटी रुपयांच्या वर. हा पैसा कुणाचा? ज्या विमा कंपन्यांनी विश्वासाने जोखीम सोपवली होती त्यांचा आणि नावे पाहून शेअर घेणाऱ्या भागधारकांचा. बेव्हनकडून काही मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा सरकारी अवसायकाने बाकीच्या संचालकांवर आणि हिशेबतपासनिसांवर दावा लावला. तुम्ही चोरी केली नाही हे मान्य. पण राखणीला बसवले असता झोपलात, तेव्हा भरपाई द्या, असे त्याचे म्हणणे.

हा दावा न्यायमूर्ती रोमर यांच्यापुढे चालला आणि १९२४ साली त्यांनी निकाल दिला. बेव्हनला त्यांनी धाडसी आणि तत्त्वशून्य बदमाश ठरवले. पण संचालकांविषयी त्यांनी जे सांगितले ते पुढे कित्येक पिढ्या कायद्याचे विद्यार्थी पाठ करत आले. संचालकाकडून त्याच्या स्वतःच्या ज्ञानाला आणि अनुभवाला साजेल तेवढ्याच कौशल्याची अपेक्षा करता येते. त्याने कंपनीकडे अष्टौप्रहर लक्ष दिले पाहिजे असे नाही. आणि संशयाला जागा नसेल तर जबाबदार अधिकाऱ्यावर विश्वास टाकून काम करण्याची त्याला मुभा आहे. असे असूनही काही बाबतींत हे संचालक निष्काळजी ठरले. दलालाच्या दाखल्यावर विसंबणे ही हिशेबतपासनिसांची चूक आहे, असेही ठरले.

मग त्यांना भरपाई द्यावी लागली का? एक कवडीही नाही!

कारण कंपनीच्या नियमावलीत, दीडशेव्या क्रमांकावर, एक कलम होते. संचालकाने किंवा तपासनिसाने जाणूनबुजून हयगय केल्याखेरीज कोणत्याही नुकसानीस तो जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे साधी हयगय माफ. ही माणसे निष्काळजी होती, पण आपण निष्काळजी आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा ती सुटली. तपासनिसांवर अपील झाले, तेही फेटाळले गेले. हे कलम छापील नियमावलीत पहिल्यापासून होते. शेअर घेणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता आले असते. पण संचालकांची नावे वाचून झाल्यावर नियमावलीचे दीडशेवे कलम वाचण्याइतका दम कुणाला असतो?

या निकालाने इंग्लंडात गदारोळ उठला आणि त्यातून एक चांगली गोष्ट झाली. कंपनी कायद्याचा विचार करणाऱ्या समितीने १९२६ साली असली कलमे निषिद्ध करण्याची शिफारस केली आणि १९२८-२९ च्या कायद्यांनी ती रद्दबातल ठरवली. राखणदाराला झोपण्याचा परवाना नेमणूकपत्रातच लिहून देण्याची सोय बंद झाली. तीच तरतूद समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १९३६ साली भारतीय कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती त्यात शिरली आणि १९५६ च्या कायद्यात कलम २०१ म्हणून राहिली. पुढे २०१३ च्या कायद्याने तर कलम १६६ मध्ये संचालकांची कर्तव्येच लिहून काढली: वाजवी काळजी, कौशल्य आणि दक्षता बाळगा, आणि स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्या. अध्यक्ष मोठ्या घरचा आहे म्हणून गप्प राहिलो, हे उत्तर आता चालत नाही. आपल्यापैकी कुणी शेअर घेत असेल, कुणाचे निवृत्तीचे पैसे एखाद्या कंपनीत अडकलेले असतील, त्या साऱ्यांच्या पाठीशी लंडनमधल्या त्या बुडालेल्या विमा कंपनीचे पुण्य थोडेफार उभे आहे.

बेव्हनचे पुढे काय झाले? तुरुंगात त्याने कविता लिहिल्या आणि त्या पुढे छापल्याही गेल्या. १९२८ साली तो सुटला. पत्नीने घटस्फोट घेतला होता. ज्या नर्तकीसाठी एके काळी त्याने पैसा उधळला, तिनेच त्याच्या पडत्या काळात साथ दिली. त्याने तिच्याशी लग्न केले. इंग्लंडात तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून तो क्यूबाला गेला आणि १९३६ साली हॅव्हानात वारला. लिटलकोटचा वाडा इतरांच्या हाती गेला. एलिस आणि कंपनी हे नाव बाजारातून पुसले गेले. बार्कले बँक मात्र आजही आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध एवढाच की, तिच्या पहिल्या अध्यक्षांचे आडनाव तेच होते. पण लोकांनी पैसे टाकले होते ते नेमके त्या 'एवढ्याच'वर.

'बडा घर, पोकळ वासा' ही म्हण आपण नेहमी त्या घरावर रोख धरून वापरतो. मला वाटते, ती पाहुण्यांनाही लागू करावी. वासा पोकळ आहे की भरीव, हे नुसते बोट टेकवून वाजवले तरी कळते. पण ज्यांच्या घरी जेवायला गेलो त्यांचा वासा वाजवून पाहायचा कसा, या भिडेने आपण मान खाली घालून जेवत राहतो. बेव्हनची सारी कर्तबगारी या भिडेवर उभी होती. हुंड्यांची हातचलाखी हे निमित्त. सहा वर्षे त्याला कुणीही एक साधा प्रश्न विचारला नाही, हे खरे भांडवल. आणि हे भांडवल त्याला त्या सभ्य, निष्कलंक, चारित्र्यवान माणसांनी बिनव्याजी पुरवले.

आता आमच्या सोसायटीचे सांगून संपवतो. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खजिनदार स्वतः जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी काकूंच्या हातात पासबुक ठेवले. दुरुस्ती निधीची रक्कम पैशापर्यंत बरोबर होती. काकूंनी आकडा पाहिला, चहा केला आणि दोघांनी मिळून तो घेतला. खजिनदारांना राग आला नव्हता. उलट ते म्हणाले, "दरवर्षी कुणीतरी विचारत जा. माझ्यावरचं ओझं कमी होतं."

हे मला नंतर काकूंकडूनच कळले, आणि मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी सभेत अपमान झाला होता तो खजिनदारांचा नव्हे, काकूंचा. आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता. प्रामाणिक माणसाला प्रश्नाची भीती नसते, ही गोष्ट आम्ही खजिनदारांच्या वतीने परस्पर विसरून गेलो होतो.

उद्या चोपडीपूजन कराल तेव्हा गंधाक्षता वाहण्यापूर्वी चोपडी एकदा उघडून पाहा. लक्ष्मी त्याने रागावत नाही. पुढच्या भाद्रपदात काकू उभ्या राहण्याची वाट न पाहता पासबुक मीच मागणार आहे. वडे थंड झाले तरी चालतील.